विश्लेषण : ‘स्टार वॉर्स’ नेमका कुणाचा? विज्ञानपटांचे चाहते इतके कट्टर का होतात?

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. २०२७ मध्ये त्याला ५० वर्षे पूर्ण होत असून, त्यानिमित्ताने तो पुन्हा मोठ्या पडद्यावर येणार आहे. बातमी एवढीच असती तर तिची फारशी चर्चा झाली नसती. पण या वेळी दाखवली जाणार आहे ती १९७७ मधील मूळ आवृत्ती. चाहते ती जवळपास तीन दशके मागत होते. पैसे देऊन पाहिलेल्या चित्रपटावर आपला हक्क आहे, असे प्रेक्षकांना का वाटते? आणि हे विज्ञानपटांच्या बाबतीतच इतक्या तीव्रतेने का घडते?

मूळ आवृत्तीचा वाद काय आहे?

वाद सुरू झाला तो पडद्यावरच्या जेमतेम दोन सेकंदांवरून. ‘स्टार वॉर्स’मधील हान सोलो हा तस्कर एका गुत्त्यात बसलेला असतो. त्याला पकडून देण्याचे पैसे घेतलेला ग्रीडो समोर बसून बंदूक रोखतो. १९७७च्या चित्रपटात हान टेबलाखालून गोळी झाडतो आणि ग्रीडो मरतो. १९९७ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी संगणकीय तंत्राने सुधारलेली ‘विशेष आवृत्ती’ आणली. तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो, त्याचा नेम चुकतो आणि मग हान स्वसंरक्षणार्थ त्याला मारतो.

बाहेरच्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटेल. चाहत्यांसाठी तो व्यक्तिरेखेचा पायाच होता. स्वार्थी, निर्ढावलेला तस्कर शेवटी मित्रांसाठी जीव धोक्यात घालून परत येतो, हा हानचा प्रवास आहे. तो सुरुवातीपासूनच सज्जन असेल, तर प्रवास उरतोच कुठे, असा त्यांचा सवाल होता. बदल इथेच थांबले नाहीत. २००४ च्या डीव्हीडीत आणखी फेरफार झाले. २०१९ मध्ये डिस्नेच्या ओटीटी मंचावर चित्रपट आला, तेव्हा याच प्रसंगात ग्रीडोच्या तोंडी कुणालाच न कळणारा एक नवा शब्द आला होता.

लुकास यांची बाजू अशी की, १९७७ मध्ये पैसा आणि तंत्र अपुरे होते. मनात होता तो चित्रपट आपल्याला नंतरच पूर्ण करता आला. पण याच लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना जुन्या चित्रपटांत फेरफार करण्यास, कृष्णधवल चित्रपट रंगीत करण्यास कडाडून विरोध केला होता. चित्रपट हा समाजाचा सांस्कृतिक वारसा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. चाहत्यांनी तोच युक्तिवाद त्यांच्यापुढे ठेवला. काहींनी तर १९७७च्या जुन्या ३५ मिमी प्रिंट मिळवल्या, एकेक चौकट स्कॅन केली आणि ‘४के७७’ या नावाने मूळ चित्रपट स्वतःच जतन केला. त्यासाठी ना परवानगी होती, ना मोबदला. जून २०२५ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लंडनमध्ये आपल्या संग्रहातील मूळ प्रिंट दाखवली, तेव्हा तो चित्रपटप्रेमींसाठी सोहळाच ठरला.

हे वेड सुरू कुठून झाले?

त्याचे आजचे रूप घडले ते ‘स्टार ट्रेक’मुळे. ही दूरचित्रवाणी मालिका १९६६ मध्ये अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. प्रेक्षकसंख्या बेताची असल्याने दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होणार अशी चिन्हे होती. तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिम्बल या दाम्पत्याने पत्रमोहीम उभारली. इंटरनेट नव्हते. पत्त्यांच्या याद्या मिळवायच्या, चक्रमुद्रित सूचना टपालाने पाठवायच्या, प्रत्येकाने आणखी दहा जणांना सांगायचे, अशी ती पद्धत होती. एनबीसीच्याच हिशेबाने एक लाखाहून अधिक पत्रे आली. अखेर मार्च १९६८ मध्ये मालिका सुरू राहणार असल्याचे वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले आणि पत्रे थांबवण्याची विनंती केली.

तिसऱ्या वर्षानंतर, १९६९ मध्ये, मालिका बंद झालीच. पण तोवर ७९ भाग तयार होते. इतर वाहिन्यांवर त्यांचे पुनःप्रक्षेपण सुरू झाले आणि चाहते घटण्याऐवजी वाढले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले. आयोजकांना काहीशे लोकांची अपेक्षा होती, आले तीन हजारांहून जास्त. १९७६ मध्ये तर चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे, म्हणजे चाचणीसाठी बांधलेल्या यानाचे, ठरलेले ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव बदलून मालिकेतील यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव देण्यात आले. बंद पडलेल्या मालिकेच्या चाहत्यांनी सरकारलाही निर्णय बदलायला लावला होता. ‘आपण ओरडलो तर ऐकले जाते’ हा धडा विज्ञानपटांच्या चाहत्यांनी तेव्हाच घेतला.

विज्ञानपटच का? प्रेमकथा का नाही?

प्रेमकथा किंवा कौटुंबिक चित्रपट आपल्या ओळखीच्या जगात घडतो. त्याचे नियम कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. विज्ञानपटाला मात्र आधी जग उभे करावे लागते. तिथले ग्रह, भाषा, सत्ता, शस्त्रे, इतिहास सगळे नवे. दोन-अडीच तासांत यातील थोडेच सांगता येते, बाकीचे सुचवून सोडून द्यावे लागते. ‘स्टार वॉर्स’मध्ये एक म्हातारा जुन्या युद्धाचा ओझरता उल्लेख करतो आणि कथा पुढे जाते. ते युद्ध कोणते, कुणात झाले, हे समजायला प्रेक्षकांना कित्येक वर्षे थांबावे लागले. या मोकळ्या जागा हीच चाहत्यांची कामाची जागा.

याचे गमतीदार उदाहरण म्हणजे ‘पार्सेक’. आपले यान किती वेगवान आहे हे सांगताना हान सोलो, अमुक फेरी १२ पार्सेकच्या आत पूर्ण केल्याची फुशारकी मारतो. पण पार्सेक हे वेळेचे नव्हे, अंतराचे एकक आहे. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. ‘पुण्याला मी १०० किलोमीटरच्या आत पोहोचलो’ असे कुणी वेग सांगण्यासाठी म्हणावे, तसा हा प्रकार. दुसऱ्या एखाद्या चित्रपटाची ही चूक म्हणून टिंगल झाली असती. इथे मात्र खुलासे शोधले गेले. तो मार्ग कृष्णविवरांच्या जवळून जातो, सामान्य वैमानिक लांबचा वळसा घालतात, हानने धोका पत्करून जवळचा रस्ता काढला, म्हणून अंतर कमी झाले, हा त्यातला सर्वांत गाजलेला. कादंबऱ्यांत तो रुजला आणि २०१८ मध्ये आलेल्या ‘सोलो’ या चित्रपटात जवळचा रस्ता काढण्याचा हा प्रसंगच पडद्यावर आला. चुकीला चार दशकांनी अधिकृत इतिहासाचा दर्जा मिळाला.

‘ब्लेड रनर’चेही असेच. १९८२ मध्ये आलेला हा चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. पण कृत्रिम मानवांचा शोध घेणारा त्याचा नायक स्वतः माणूस आहे की कृत्रिम, हा प्रश्न त्याने मागे ठेवला. १९९२ आणि २००७ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या, २०१७ मध्ये पुढचा भाग आला, तरी वाद मिटलेला नाही. ज्या कथेत शोधायला काही उरत नाही, तिच्याकडे माणूस पुन्हा वळत नाही. विज्ञानपट वळायला भाग पाडतात.

खेळण्यांचा यात वाटा किती?

मोठा. ‘स्टार वॉर्स’ करताना लुकास यांनी मानधनावर फार न अडता खेळणी आणि इतर वस्तूंचे, तसेच पुढच्या भागांचे हक्क स्वतःकडे राखले. स्टुडिओला त्यात मोल दिसले नाही. चित्रपट पहिल्या दिवशी अमेरिकेत अवघ्या ३२ चित्रपटगृहांत लागला, यावरून त्याच्याकडून असलेली अपेक्षा कळते. यश इतके अनपेक्षित होते की, खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीकडे १९७७च्या नाताळाला विकायला बाहुल्याच नव्हत्या. मग कंपनीने पुठ्ठ्याचे पाकीट विकले. आत एक चित्र, काही स्टिकर आणि ‘बाहुल्या तयार झाल्या की घरपोच पाठवू’ असे प्रमाणपत्र. पालकांनी ते विकत घेतले.

पुढे बाहुल्या आल्या आणि मुलांनी त्यांच्याशी खेळताना चित्रपटात नसलेल्या कथा रचल्या. पहिल्या आणि दुसऱ्या भागांत तीन वर्षांचे अंतर होते. त्या काळात चित्रपट घरी पाहायची सोय बहुतेकांकडे नव्हती. म्हणजे तीन वर्षे ‘स्टार वॉर्स’ जिवंत ठेवला तो घराघरांतल्या जमिनीवर बसलेल्या मुलांनी. ती मुले आज पन्नाशीत आहेत. चित्रपटातील बदलांवर ती चिडतात, कारण त्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या लहानपणात केलेला फेरफार असतो.

मानसशास्त्र आणि समाजशास्त्र काय सांगते?

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन अरिएली या अभ्यासकांनी २०१२ मध्ये ‘आयकिया परिणाम’ मांडला. आयकिया ही सुटे भाग देऊन ग्राहकालाच फर्निचर जोडायला लावणारी कंपनी. आपण स्वतः जोडलेली वस्तू, ती साधारण असली तरी, आपल्याला जास्त मोलाची वाटते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. कष्टातून माया उपजते, हे त्यामागचे सूत्र. विज्ञानपटाचा चाहताही सुटे भाग जोडत असतो. नकाशे काढतो, कालरेषा आखतो, वेशभूषा शिवतो, कथा लिहितो. इतके श्रम ओतल्यावर ती कथा परक्याची वाटत नाही.

माध्यम-अभ्यासक हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ मध्ये ‘टेक्श्चुअल पोचर्स’ या पुस्तकात चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात शिरून शिकार करणाऱ्यांची उपमा दिली. रान स्टुडिओच्या मालकीचे. चाहता त्यातून आपल्याला हवे ते उचलतो आणि त्याचे नवे काही करतो. तोवर चाहता म्हणजे भाबडा, उथळ, बिनकामाचा माणूस अशीच प्रतिमा होती. जेंकिन्स यांनी तो लेखकाइतकाच कामसू असतो, हे दाखवले. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता, ही बाबही त्यामुळे ठळक झाली. ‘स्टार ट्रेक’ची हस्तलिखितवजा नियतकालिके चालवणाऱ्यांत, त्यांत कथा लिहिणाऱ्यांत त्याच बहुसंख्येने होत्या.

एकटेपणावरचा हा उतारा आहे का?

बऱ्याच जणांसाठी आहे. शाळेत पुस्तकी किडा म्हणून हिणवलेल्या मुलाला संमेलनात आपल्यासारखे हजार जण भेटतात. तिथे ‘क्लिंगॉन’ बोलता येणे हे हसे होण्याचे नव्हे, प्रतिष्ठेचे लक्षण असते. ‘स्टार ट्रेक’मधील या परग्रहवासीयांची भाषा भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४च्या चित्रपटासाठी व्याकरणासह घडवली. १९८५ मध्ये तिचा शब्दकोश निघाला, पुढे शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ही तीत अनुवादित झाले. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘५०१ लिजन’ या संघटनेचे सदस्य ‘स्टार वॉर्स’मधील खलनायकी सैनिकांचे पोशाख स्वतः तयार करतात आणि ते घालून रुग्णालयातील मुलांना भेटतात, मदतनिधी गोळा करतात. २००१च्या जनगणनेत तर इंग्लंड आणि वेल्समधील ३ लाख ९० हजारांहून अधिक लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ असे लिहिले. बहुतेकांची ती थट्टाच होती, पण ती एकत्र करावीशी वाटणे महत्त्वाचे.

काहींसाठी याचे मोल आयुष्यभराचे ठरले. मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स यानावरील अधिकारी उहुराची भूमिका करत. १९६०च्या दशकातील अमेरिकेत हे दृश्य दुर्मीळ होते. पुढे नासाने स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवण्यासाठी निकोल्स यांचीच मदत घेतली. सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन लहानपणी उहुराला पाहून प्रेरित झाल्या होत्या. आपल्यासारखा माणूस भविष्यात आहे, हे पडद्यावर दिसणे म्हणजे काय, याचा याहून ठळक दाखला सापडणे कठीण.

मग हेच प्रेम रागात का बदलते?

मालकीची भावना दुहेरी असते. ज्याला आपले मानले, ते आपल्याला न विचारता बदलले की फसवणूक झाल्यासारखे वाटते. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म सुमारे ४०५ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने दोन-तीन दशकांत आलेल्या कादंबऱ्या आणि चित्रकथांमधील घटना यापुढे अधिकृत मानल्या जाणार नाहीत, असे सांगितले. त्यांना ‘लेजंड्स’ असे नाव मिळाले. नव्या दिग्दर्शकांना मोकळीक हवी, हे व्यवहाराला धरून होते. पण ज्यांनी ती पुस्तके वर्षानुवर्षे वाचली, त्यांच्या दृष्टीने इतिहासाचे पुस्तकच रद्दीत गेले.

डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘द लास्ट जेडाय’वर हा राग फुटला. पहिल्या चित्रपटांचा नायक ल्यूक यात थकलेला, स्वतःवर रुसून एकांतात राहणारा म्हातारा दिसला. समीक्षकांनी चित्रपट उचलून धरला, जगभरात त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, पण चाहत्यांत उभी फूट पडली. ‘हा आमचा ल्यूक नव्हे’ ही तक्रार कथेपुरती असती, तर ती रास्त चर्चा ठरली असती. ती तेवढ्यापुरती राहिली नाही.

या रागाचे बळी कोण ठरले?

कथा लिहिणारे आणि पैसे गुंतवणारे नव्हे, तर पडद्यावर दिसणारे. याच चित्रपटात काम केलेल्या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्री केली मरी ट्रॅन यांना वंश आणि दिसण्यावरून इतके छळले गेले की, जून २०१८ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवरील आपल्या सर्व पोस्ट काढून टाकल्या. त्याआधी, १९९९च्या ‘द फँटम मेनेस’मधील जार जार बिंक्स या पात्रावर जगभर टीका झाली. ती भूमिका करणारे अहमद बेस्ट यांनी २०१८ मध्ये सांगितले की, त्या काळात त्यांच्या मनात आत्महत्येचा विचार आला होता. २०१५ मध्ये कृष्णवर्णीय अभिनेते जॉन बोयेगा यांच्यावरून बहिष्काराचे हॅशटॅग चालले. २०२२ मध्ये मोझेस इंग्रम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला वंशद्वेषी संदेश आले, तेव्हा मात्र ‘स्टार वॉर्स’च्या अधिकृत खात्यावरूनच तिची जाहीर पाठराखण झाली.

हे सगळे चाहतेच करतात का? अभ्यासक मॉर्टन बे यांनी ‘द लास्ट जेडाय’च्या दिग्दर्शकाला उद्देशून केलेली ९६७ ट्विट तपासली. नकारात्मक निघाली ती २२ टक्क्यांच्या आसपास. त्यांतलीही निम्म्याहून थोडी अधिक राजकीय हेतूने चालवलेल्या, त्रास देण्यासाठीच उघडलेल्या किंवा यांत्रिक खात्यांवरची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे दुखावलेल्या चाहत्यांच्या गर्दीत दुसराच अजेंडा असलेले लोक सहज मिसळतात. तरीही चाहत्यांची जबाबदारी यातून संपत नाही. ‘हे आमचे आहे’ या दाव्यातून ‘इथे कुणी यायचे हे आम्ही ठरवू’ हा दावा फार लांब नसतो.

याला दुसरी बाजूही आहे. १९९९ मध्ये सात-आठ वर्षांची असलेली मुले मोठी झाली. ज्या चित्रपटाला त्यांच्या मोठ्यांनी नावे ठेवली, तो त्यांच्या लहानपणीचा लाडका चित्रपट होता. २०२३ मध्ये अहमद बेस्ट ‘द मँडलोरियन’ या मालिकेत जेडाय योद्धा म्हणून परतले, तेव्हा या पिढीने त्यांचे मनापासून स्वागत केले. प्रत्येक पिढीला आपला ‘स्टार वॉर्स’ खरा वाटतो, एवढाच याचा अर्थ.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

निःसंशय कंपन्यांच्या. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘ॲक्सनार’ या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी खटला भरला. हक्कांच्या यादीत क्लिंगॉन भाषेचाही समावेश होता. लोक प्रत्यक्षात बोलत असलेली भाषा कुणाच्या मालकीची असू शकते का, असा प्रश्न कृत्रिम भाषा घडवणाऱ्यांच्या एका संस्थेने न्यायालयापुढे ठेवला. त्याचा निकाल लागण्याआधीच जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली. तोवर कंपन्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियमावली काढली होती. एक कथा १५ मिनिटांची, दोन भाग मिळून फार तर ३० मिनिटांची आणि वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंतच.

मराठी वाचकाला यातला पेच महाभारताकडे पाहिल्यास चटकन कळेल. १९६७ या एकाच वर्षी शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही पुस्तके आली. एकाने कर्णाला नायक केले, दुसऱ्याने महाभारतातील माणसांची कठोर चिकित्सा केली. दोघांनाही कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कारण त्या कथेला मालक नाही. कर्ण थोर की कृतघ्न, यावर आपण आजही हिरिरीने भांडतो. ‘स्टार वॉर्स’ आणि ‘स्टार ट्रेक’ यांचे स्थान त्यांच्या चाहत्यांच्या मनात असेच आहे. फरक इतकाच की, या पुराणकथांना मालक आहे आणि त्याच्याकडे वकिलांची फौज आहे. निम्मा संताप या विसंगतीतून येतो.

भारतात असे चाहते आहेत का?

‘स्टार वॉर्स’ने भारतात अमेरिकेसारखे मूळ धरले नाही. ती खेळणी इथल्या मुलांच्या हाती आली नाहीत, त्यामुळे ती लहानपणीची नाळ जुळली नाही. दूरदर्शनवरील ‘स्टार ट्रेक’ आणि १९९८च्या ‘कॅप्टन व्योम’च्या आठवणी काढणारी पिढी आहे, पण तिची संमेलने नाहीत. मराठीत विज्ञानकथेची परंपरा आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकपात्र ठरली होती. मराठी विज्ञानपट मात्र बोटांवर मोजण्याइतकेच.

तरीही ‘इंटरस्टेलर’ने वेगळे चित्र दाखवले. २०१४ च्या या चित्रपटाची दशकपूर्ती म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये तो अमेरिकेत आयमॅक्स पडद्यांवर पुन्हा लागला. भारतात ते पडदे ‘पुष्पा २’ने व्यापले होते. मोबाइलवर केव्हाही पाहता येणारा चित्रपट थिएटरात मिळाला नाही, म्हणून समाजमाध्यमांवर नाराजी उसळली. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तो लागला, तेव्हा मोठ्या शहरांत भल्या पहाटेच्या खेळांनाही गर्दी झाली. आठवड्याभरात ‘छावा’ आणि हॉलिवूडच्या नव्या चित्रपटासाठी त्याला पडदे सोडावे लागले आणि मार्चमध्ये तो परत आला.

इथेही सूत्र तेच आहे. चित्रपटातील एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. हे कसे, याची गणिते मांडणारे, व्हिडीओ बनवणारे, भांडणारे तरुण भारतातही आहेत. चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांनी आधी तिची तुलना ‘इंटरस्टेलर’मधील कृष्णविवराशी केली. तिकीट काढणाऱ्यांत, २०१४ मध्ये शाळकरी असल्याने चित्रपट मोठ्या पडद्यावर हुकलेले अनेक जण होते. त्यांनी दहा वर्षे तो लहान पडद्यावर पाहून, समजून घेऊन आपला केला होता.

यातून पुढे काय?

स्टुडिओंना चाहत्यांचे श्रम हवे असतात, कारण दोन चित्रपटांमधल्या काळात कथा तेच जिवंत ठेवतात. त्यांचा हक्क मात्र नको असतो. ही ओढाताण संपणारी नाही. पण चाहत्यांच्या दाव्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. जुना चित्रपट जतन करा, तो पाहू द्या, ही मागणी वारशाची आहे. स्वतः लुकास यांनी १९८८ मध्ये तीच केली होती. नवी कथा आम्हाला हवी तशीच झाली पाहिजे, तिच्यात आम्हाला हवे तेच चेहरे दिसले पाहिजेत, ही मागणी मात्र मालकीची आहे. पहिलीसाठी कुणीतरी जुनी रिळे घेऊन वर्षानुवर्षे एकेक चौकट स्वच्छ करत बसले. दुसरीसाठी एका अभिनेत्रीला आपले खाते पुसून टाकावे लागले.

२०२७ मध्ये हान सोलो पुन्हा मोठ्या पडद्यावर पहिली गोळी झाडेल, तेव्हा चित्रपटगृहात टाळ्या पडतील. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत १९७७ मध्ये रिकामे पाकीट घेऊन बाहुल्यांची वाट पाहिलेले काही आजी-आजोबाही असतील. बहुधा नातवंडांना सोबत घेऊन.